ध्वनिबंद खोलीतला आवाज

१

मी पोचले तोवर प्रोग्राम गेलेला होता आणि त्याच्याभोवती चार माणसं सुतकी चेहऱ्यानं उभी होती.

माझा धंदा सांगते, म्हणजे मी तिथे कशाला गेले होते ते कळेल. एखाद्या दुकानाला किंवा दवाखान्याला कॉम्प्युटरची नवी सिस्टीम घ्यायची असते, आणि ज्याच्यावर त्यांचं रोजचं काम चालतं ते जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा मला बोलावतात. मी आधी सतरा प्रश्न विचारते, जुन्याची अख्खी नक्कल काढून ठेवते आणि मगच नव्याला हात लावू देते. या चौकशांना वैतागून लोकांनी माझं नाव पंचनामाबाई ठेवलंय. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला कळतं.

हे केंद्र कान तपासण्याचं होतं. पुढे पेशंटनी बसायची जागा, मध्ये तपासणीची खोली, तिला लागून एका बाजूला कॉम्प्युटरची छोटी खोली आणि दुसऱ्या बाजूला एक ध्वनिबंद खोली. तिला ते बूथ म्हणायचे. जाडजूड दार, मऊ भिंती आणि आत-बाहेर दिसण्यापुरती एक काच. मागे कार्यशाळा, जिथे कानाच्या मशीनसाठी प्रत्येकाच्या कानाच्या मापाचे साचे बनत. हे सगळं उभं केलं ते थोरल्या डॉक्टरांनी. ते गेल्या वर्षी वारले. भिंतीवर त्यांचा फोटो होता, हसरा, कानांवरून पांढरे केस आलेला. तपासणीचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला, आणि पेशंटना शब्द ऐकवायचा तो आवाजही त्यांचाच. इतक्या वर्षांतल्या एकेका पेशंटचा रिपोर्ट त्याच प्रोग्राममध्ये होता.

"सोमवारी मी येईपर्यंत सिस्टीमला कुणी बोट लावायचं नाही," असं मी बजावून ठेवलं होतं. आणि रविवारी, केंद्राला सुटी असताना, कुणीतरी निवांत बसून नवी सिस्टीम चढवून टाकली होती. स्क्रीनवर नवंकोरं निळं चित्र झळकत होतं आणि थोरल्या डॉक्टरांचा प्रोग्राम काही केल्या उघडत नव्हता.

"घाबरायचं कारण नाही," काका म्हणाले. काका म्हणजे थोरल्या डॉक्टरांचे धाकटे भाऊ, केंद्राचा सगळा कारभार यांच्या हातात. "मी गेल्याच आठवड्यात सगळ्याची नक्कल करून ठेवलीय. सगळ्यांना सांगितलंही होतं." त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून ऐटीत माझ्या हातावर ठेवला.

मी तो लावून पाहिला. आत प्रोग्रामचा आयकॉन होता. फक्त आयकॉन.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही दारावरची पाटी काढून आणलीत. घर तिथंच राहिलं."

कुणी हसलं नाही. थोरल्या डॉक्टरांची मुलगी माझ्या समोर उभी होती. तपासण्या आता तीच करायची, सगळे तिला ताई म्हणत. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे रिपोर्ट गेले?" ती म्हणाली. "सगळ्यांचे?" मी मान हलवली, तशी ती काही न बोलता पुढच्या खोलीत पेशंटना परत पाठवायला निघून गेली.

काकांना आता कुणाच्या तरी अंगावर ओरडायचंच होतं. ते साचे बनवणाऱ्या मिस्त्रींकडे वळले. "रविवारी इथे कोण होतं? तुम्ही. वॉचमननं सांगितलंय. आणि 'तो प्रोग्राम बंद करा एकदाचा' असं कोण म्हणत होतं? तुम्हीच. संध्याकाळपर्यंत काय ते खरं सांगा, नाहीतर उद्यापासून यायचं नाही."

मिस्त्री साठीला टेकलेले, बाह्यांवर प्लास्टरचे पांढरे डाग. "मी केलं नाही," एवढंच म्हणाले.

मी दरम्यान कॉम्प्युटर रिस्टार्ट केला होता. तो सुरू झाला, आणि बूथमधून, जिथे कुणीही नव्हतं, अर्धवट उघड्या दारातून एका म्हाताऱ्या माणसाचा मायाळू आवाज आला.

"म्हणा, घर."

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो.

"ऐकू आलं का?" आवाजानं विचारलं. मग बराच वेळ शांतता. मग तो जरा थकल्यासारखा म्हणाला, "आज दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या."

काकांनी खुर्ची घट्ट धरली. "दादा," ते पुटपुटले.

२

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. तरी त्या बूथचं दार मी स्वतः जाऊन बंद केलं नाही, हे इथे नमूद करते.

पुढच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला सगळे बातमीदार म्हणत, आणि का म्हणत ते कळायला मला फार वेळ लागला नाही. तिला दिवस गेलेले होते, शेवटचे दिवस होते, पाठीमागे दोन उशा घेऊन ती बसली होती.

"सकाळपासून तिसऱ्यांदा झालं मॅडम," ती म्हणाली. "मशीन चालू केलं की ते बोलतात. माझ्या अंगावर काटाच येतो. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, वेडी आहेस का, मी नाही काही ऐकलं. त्यांचं काळीज वाघाचं आहे. माझे वडील असे बोलायला लागले असते तर मी इथे एक मिनिट थांबले नसते."

"'दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या' म्हणजे काय?"

"ते? ती तर सकाळची बैठक." आणि तिनं मला या केंद्राची रीत सांगितली. थोरल्या डॉक्टरांचा नियम असा की, जो दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासणार त्यानं सकाळी आधी स्वतः बूथमध्ये बसायचं. प्रोग्राम त्यांच्या आवाजात हळूच एकेक शब्द म्हणायचा, बसणाऱ्यानं त्या शब्दाच्या चित्रावर बोट ठेवायचं. बरोबर आलं तर आवाज म्हणायचा, "चला, पहिल्या पेशंटला आत घ्या," आणि प्रोग्राम उघडायचा. चुकलं तर म्हणायचा, आज दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या, आणि कुलूप. थोरले डॉक्टर स्वतःसुद्धा शेवटपर्यंत रोज बसले.

"आता ताई बसतात?"

"छे! त्यांना कुठे वेळ असतो सकाळी. मीच बसते. वर्ष झालं असेल." तिनं पोटावरून हात फिरवला. "पुढच्या आठवड्यापासून मी रजेवर. मग त्यांनाच बसावं लागणार होतं. आता तर काय, प्रोग्रामच गेला. माझ्या जिवाला एवढंच वाटतं, मिस्त्रींना काढू नये. ते माझ्या बाळासाठी लाकडी खुळखुळा करताहेत."

मिस्त्री कार्यशाळेत होते. लांबट खोली, प्लास्टरचा आणि मेणाचा वास. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले. टेबलावर एका फडक्याखाली काहीतरी छोटंसं झाकलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तसे ते टेबलाच्या आड आले.

मी विषय काढावा म्हणून भिंतीकडच्या कपाटाबद्दल विचारलं. त्यांनी एक खण ओढला. आत प्लास्टरचे कान होते. माणसांचे पांढरेशुभ्र कान, जोडीजोडीनं ठेवलेले.

"कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या कानाचं माप पहिल्या दिवशी घेतो," मिस्त्री म्हणाले. "पेशंटला कानात मेण ओततात तेव्हा कसं वाटतं, ते आपल्याला ठाऊक असावं म्हणून. थोरल्या डॉक्टरांनी पाडलेली पद्धत. सगळ्यांचे आहेत. काकांचे, ताईंचे, या पोरीचे. थोरल्यांचेसुद्धा."

"तुम्ही 'प्रोग्राम बंद करा' म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो." ते खाली पाहत राहिले. "तीस वर्षांची सोबत आमची. माणूस गेला आणि आवाज रोज सकाळी चालू. मला सहन होत नव्हतं. पण सहन होत नाही म्हणून कुणी असं करतं का?"

"मग रविवारी इथे काय करत होतात?"

"काम."

"सुटीच्या दिवशी? कुणाचं?"

"एकाचं."

पुढे ते बोलेनात. मी हर प्रकारे विचारलं. माणूस भिंतीसारखा गप्प. अपराधी माणसं पुष्कळ बोलतात, हा माझा अनुभव आहे, आणि हे असं मौन मला जास्त खटकलं.

"निदान काही ऐकलंत?" मी शेवटी म्हटलं.

"शिट्टी ऐकली. थोरल्यांनी त्यात शिट्टी बसवलेली आहे. प्रोग्राम चालू असताना कुणी जबरदस्तीनं बंद करायला लागलं की बारीक, कानात सुई गेल्यासारखी वाजते, आणि पुरता बंद होईपर्यंत थांबत नाही. ती वाजली. वाजतच राहिली. माझे हात प्लास्टरमध्ये, ते वाळायच्या आत सोडता येत नाही. हात धुऊन बाहेर आलो तोवर शिट्टी थांबली होती, खोलीत कुणी नव्हतं. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं."

"इतका वेळ वाजली?"

"इतका वेळ," ते म्हणाले. आणि मग घाईघाईनं, जणू नको ते बोलून गेले, "मला वाटलं, मशीनच बिघडलं."

३

ताई तपासणीच्या खोलीत एकटी बसली होती. मी आत गेले तशी ती उठली, मला खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि टेबलावरचा दिवा माझ्याकडे वळवला. स्वतः खिडकीकडे पाठ करून बसली. मला हसू आलं. चौकशी मी करणार की ही? पोलीस ठाण्यातसुद्धा मला कुणी असं उजेडात बसवलं नव्हतं.

"फोन केला होता तुम्हाला शनिवारी," मी म्हटलं, "पण तुम्ही उचलला नाहीत."

"मी फोनवर बोलत नाही फारशी. मेसेज करा." तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. बोलता बोलता मी वहीत बघायला मान खाली घातली की ती थांबायची आणि मान वर येईपर्यंत वाट पाहायची. शिस्तीची बाई, मला वाटलं.

"हा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर न्यायचाच, हे कुणी ठरवलं?"

"काकांनी. मी म्हणत होते, बाजारात नवं सॉफ्टवेअर मिळतं ते घेऊ. बाबांचा प्रोग्राम म्हणजे बाबा नव्हेत. पण काकांचा जीव अडकलाय त्याच्यात."

"मिस्त्रींनी केलं असेल?"

"नाही." हे इतकं झटकन आलं की माझी मान वहीकडे वळायची राहिली. "ते करणार नाहीत. मी त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झालेय. काकांना मी समजावीन."

"कधी? संध्याकाळची मुदत आहे."

ती उत्तर देणार तेवढ्यात बूथमध्ये खरखर झाली. मी कॉम्प्युटरला एक दुरुस्ती करायला लावून आले होते, तो आपोआप रिस्टार्ट झाला असावा. बूथ तिच्या पाठीमागे, चार हातांवर. दार तसंच अर्धवट उघडं.

"म्हणा, पान," थोरले डॉक्टर म्हणाले.

मी वही मिटली. कारण यावेळी त्यांची मुलगी माझ्यासमोर होती, आणि तो आवाज तिच्या मानेमागून येत होता.

"काका तसे वाईट नाहीत," ताई बोलत होती. "बाबा गेल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीची भीती वाटते."

"ऐकू आलं का?" आवाजानं विचारलं.

"एखादी वस्तू जरा हलली तरी त्यांना वाटतं, बाबाच हलले. आणि आता हे भुताचं खूळ काढलंय सगळ्यांनी. मिस्त्रींना काढलं की काकांनाच झोप लागणार नाही."

"आज दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या."

तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. शब्द अडखळला नाही. स्वतःच्या मेलेल्या बापाचा आवाज पाठीमागून येतोय आणि ही बाई काकांच्या झोपेबद्दल बोलतेय. आयुष्यात मी पुष्कळ निगरगट्ट माणसं पाहिली, पण इतकं थंड कुणी पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"तुम्ही पांढऱ्या पडलात," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

४

भुताचा उलगडा दुपारी झाला, आणि तो माझ्या धंद्यातलाच निघाला.

जुने प्रोग्राम नव्या सिस्टीमवर गेले की काही सरळ बंद पडतात, काही भलतंच वागतात. थोरल्या डॉक्टरांचा प्रोग्राम बंद पडलाच नव्हता. मशीन चालू झालं की रोजच्यासारखा तोही उठत होता, सकाळची बैठक सुरू करत होता, बूथमध्ये बोलत होता. फक्त त्याची खिडकी नव्या सिस्टीमला काढता येत नव्हती. म्हणून स्क्रीनवर काही दिसायचं नाही आणि आवाज मात्र यायचा. तो बिचारा उत्तराची वाट पाहायचा, उत्तर मिळायचं नाही, आणि पुन्हा गप्प व्हायचा.

म्हणजे तो जिवंत होता. मी कोपरेकोपरे धुंडाळले. नवी सिस्टीम चढताना जुनं सगळं एका बाजूला उचलून ठेवते, काही दिवसांपुरतं. तिथे सगळे रिपोर्ट सुखरूप होते. मी आधी त्यांच्या दोन नकला केल्या आणि मग खुर्चीला पाठ टेकून मोठा श्वास सोडला. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. पण मिस्त्रींबद्दल ते तसूभर हलले नाहीत. "रिपोर्ट मिळाले म्हणून गुन्हा पुसला जात नाही," म्हणाले.

खरंच होतं ते. कुणीतरी केलं होतं. आणि ज्यानं केलं तो मला आता हळूहळू दिसायला लागला होता.

नवी सिस्टीम चढताना प्रश्न विचारते, आणि कधी कुठलं उत्तर मिळालं याची खूण मशीनमध्ये राहते. रविवारी ते प्रश्न कुणी भराभर हो हो करत उडवले नव्हते. एकेक नीट वाचलेला होता. 'हा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालणार नाही, तरी पुढे जायचं?' या प्रश्नापाशी तर तो माणूस बराच वेळ थांबला होता. आणि या सगळ्या वेळात, मिस्त्री म्हणत होते तशी, शिट्टी वाजत होती.

इथेच माझं घोडं अडलं. चोरून काम करणारा माणूस. इमारतीत कुणी ऐकेल ही भीती. समोर कानात सुई गेल्यासारखी शिट्टी. आणि टेबलावर, हाताच्या अंतरावर, आवाज कमी करायचं बटण. ते फिरवायला किती वेळ लागतो? कुणीही आधी ते फिरवलं असतं. या माणसानं ते जागचं हलवलं नाही. शिट्टी वाजू दिली आणि शांतपणे वाचत बसला.

मी त्या बटणाकडे पाहत राहिले. मग सकाळपासूनच्या एकेक गोष्टी आपोआप आपापल्या जागी जाऊन बसल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

तरी खात्री करायला हवी होती. ताई तिच्या टेबलाशी काहीतरी लिहीत बसली होती, माझ्याकडे पाठ, मधे फक्त उघडं दार. काका पुढच्या खोलीत, बातमीदार तिच्या जागी, मिस्त्री कार्यशाळेत. मी मनाचा हिय्या केला आणि तो न दिसणारा प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करायला घेतला.

शिट्टी सुरू झाली. माझ्या दाढा शिवशिवल्या.

"काय चाललंय काय!" काका दोन्ही कानांत बोटं घालून धावत आले. मागून उशी छातीशी धरून बातमीदार, "मॅडम, बंद करा ना, बाळ लाथा मारतंय!" कार्यशाळेचं दार धाडकन उघडून ओल्या हातांचे मिस्त्री.

तीन माणसं धावत आली. चौथी दारापलीकडे आपली लिहीत होती.

मिस्त्रींची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी हात जोडले, आणि ओठांनीच म्हणाले, "नको."

५

मी काकांना आणि बातमीदाराला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं, तपासणीच्या खोलीचं दार लावलं आणि ताईच्या समोर, उजेडात जाऊन बसले. यावेळी मी स्वतः दिवा माझ्या तोंडावर वळवला.

"ताई," मी म्हटलं, "ऐकू यायचं कधीपासून कमी झालंय?"

ती माझ्या ओठांकडे पाहत होती. समजलं तिला. एकदा वाटलं नाही म्हणेल, पण तिच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

"बाबा आजारी पडले त्या सुमारास," ती म्हणाली. "आधी बारीक आवाज गेले. मग शब्दांच्या कडा गेल्या. समोर बसलेल्या माणसाचं सगळं कळतं मला. पाठीमागचं काही नाही."

"म्हणून बैठकीला तुम्ही त्या मुलीला बसवत होतात."

"आणि ती रजेवर चालली होती. मला बसावं लागणार, मी चुकणार, आणि काकांसमोर बाबांचा आवाज सांगणार, दुसऱ्या कुणाला तरी बसू द्या." तिनं टेबलाची कड धरली. "मी बूथच्या काचेतून पेशंटचे ओठ वाचून काम करते. चुकले नाहीये अजून. पण ज्याला ऐकू येत नाही त्यानं दुसऱ्याचा कान तपासायचा नाही, हा बाबांचा नियम. नवी सिस्टीम आली की प्रोग्राम जाईल, म्हणजे नियमही जाईल, असं मी धरून चालले होते. तर काकांनी तुम्हाला बोलावलं. तो जिवंत ठेवायला. रिपोर्टची नक्कल झालीय म्हणाले, म्हणून मी रविवारी वॉचमनची नजर चुकवून आत आले आणि..." ती थांबली. "मला नव्हतं माहीत की ते नुसता आयकॉन उचलतील."

"शिट्टी वाजत होती."

"वाजत होती?" ती म्हणाली.



"मिस्त्रींना जाऊ दिलं असतंत?" मी विचारलं. विचारायचंच होतं मला, रागही होता.

"नाही. संध्याकाळी सांगणार होते." मग ती खरं बोलली. "सांगितलं असतं का, ते माहीत नाही. सकाळपासून तोंड उघडायला बघतेय."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं लाजेनं. पण ते वेगळंच होतं.

"सकाळी सगळे म्हणायला लागले, बाबा बोलताहेत. मला वाटलं, माझी चेष्टा करताहेत, किंवा मला शिक्षा. मग काकांचा चेहरा पाहिला. तुम्ही सगळे पुढे होतात तेव्हा मी गुपचूप बूथमध्ये जाऊन बसले. दार लावून. बराच वेळ बसले." ती हुंदका आवरत म्हणाली, "सगळ्यांना बाबा ऐकू आले हो. मलाच नाही."

मी तिचा हात धरला.

६

काकांना तिनं स्वतः सांगितलं, आमच्या सगळ्यांसमोर, एका दमात. काका आधी संतापले, मग रडले, मग तिच्यावर ओरडले की मला का नाही सांगितलंस, आणि मोठ्यानं ओरडायला हवं म्हणून आणखी मोठ्यानं ओरडले. "अहो, कळतंय तिला," मी म्हटलं, "तोंड समोर ठेवा फक्त."

"पण आता पुढे काय?" काका खचून खाली बसले. "दादाचा नियम आहे. तिला बसता येणार नाही. मग केंद्र कुणी चालवायचं?"

तेव्हा मिस्त्री कार्यशाळेत गेले आणि ते फडकं घेऊन आले. त्यांनी ते टेबलावर उलगडलं. आत पारदर्शक, तुळतुळीत, बोटाच्या पेराएवढे दोन साचे होते. कानात बसतात ते.

"रविवारी हे करत होतो," ते ताईकडे तोंड करून म्हणाले. "तुमच्या प्लास्टरच्या कानांवरून. वर्षभर पाहतोय मी. दार वाजलं तरी तुम्ही वळत नाही. म्हटलं, विचारतील तेव्हा देऊ. तयार तर असू देत."

काका आ वासून पाहत राहिले. "आणि मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"कुणाचं काम म्हणून सांगू? ताईंचं? चारचौघांत?" मिस्त्री म्हणाले. मग जरा थांबून, "आणि नियमाचं म्हणाल, तर नियम ऐकू यायला पाहिजे असा आहे. कशानं ऐकायचं, असं थोरल्यांनी कधी सांगितलेलं नाही. ते स्वतः शेवटची वर्षं मशीन लावूनच बैठकीला बसायचे. केस उगाच नव्हते वाढवले."

ताईनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कानांवरून आलेले ते पांढरे केस आम्ही सगळ्यांनीच पुन्हा पाहिले.

"मला नाही सांगितलं त्यांनी," ती म्हणाली.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत," मिस्त्री म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

माझं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. नव्या सिस्टीमच्या आत जुन्या सिस्टीमसाठी एक जागा करून दिली, नव्या घरात म्हाताऱ्या माणसाला त्याची खोली देतात तशी, आणि थोरल्या डॉक्टरांचा प्रोग्राम तिथे त्याच्या जुन्या सवयींसकट मजेत नांदायला लागला. खिडकी दिसायला लागली. आवाज यायला हवा तेव्हाच येऊ लागला.

मग ताई बूथमध्ये गेली. मिस्त्रींनी तिच्या दोन्ही कानांत ते साचे जोडलेलं मशीन नीट बसवलं, केसांची बट मागे सारली आणि ती मागेच राहू दिली. जाड दार लागलं. काचेतून ती आम्हाला दिसत होती. बाहेरच्या छोट्या स्पीकरवर आम्हाला आतलं ऐकू येत होतं.

"म्हणा, घर," थोरले डॉक्टर म्हणाले.

ती हललीच नाही. काकांनी माझा दंड आवळला. चित्रांचा फळा तिच्यासमोर होता आणि तिचे हात मांडीवर तसेच होते.

"ऐकू आलं का?"

"हो बाबा," ती म्हणाली. "परत एकदा म्हणा ना."

प्रोग्रामला अर्थात तिचं बोलणं कळत नव्हतं. पण फळ्याच्या कोपऱ्यात 'पुन्हा' असं लिहिलेली एक चौकट होती; तिनं तिच्यावर बोट ठेवलं आणि तो तोच शब्द पुन्हा म्हणाला. तेव्हा तिनं घराच्या चित्रावर बोट ठेवलं. मग पान. मग एकेक. कुठे अडखळली, एकदोनदा चुकता चुकता सावरली, पण शेवटी आवाज म्हणाला, "चला, पहिल्या पेशंटला आत घ्या."

ती डोळे पुसत बाहेर आली. पुढच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून ताटकळत बसले होते. तिनं त्यांना आत आणलं, खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं. ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होतं, ते डोळे बारीक करून बघत होते. ताईनं उठून पडदा ओढला.